पाटी नसलेली कुंडी

रानटी झाडं लावायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती एकदा लावून बघावीत. गुलाब कुणीही लावतो. गुलाबाला काय हवं, काय नको हे पुस्तकात लिहिलेलं असतं, खताच्या पिशवीवर छापलेलं असतं आणि शेजारणीला तोंडपाठ असतं. पण जे झाड गटाराच्या झाकणाच्या फटीतून, कुणी न बोलावता, कंबरेएवढं वाढतं, तेच कुंडीत आणून त्याचे लाड करा, तिसऱ्या दिवशी मान टाकतं. का, ते त्याचं त्याला माहीत.

मला हे खूळ लागलं ते कचेरीत. मी एका मोठ्या कचेरीच्या दफ्तरखान्यात बावीस वर्षं आहे. फायलींना नाव देणं, तारीख घालणं आणि त्यांना योग्य कपाटात बसवणं हे माझं काम. आमच्याकडे अधूनमधून कर्मचाऱ्यांच्या ज्ञानात भर घालण्यासाठी व्याख्यानं होतात आणि ती जेवणानंतर ठेवतात, त्यामुळे ज्ञान आणि झोप यांची गाठ पडते. एका दुपारी झाडांचे एक प्राध्यापक आले होते. मी जागा झालो नेमका त्यांच्या शेवटच्या वाक्याला. ते म्हणाले, "ज्याच्याकडे गच्ची आहे, त्याच्याकडे रान आहे. आपल्या मातीतली झाडं आपणच घराबाहेर काढली, आता आपणच ती परत आणली पाहिजेत." आधीचा तासभर मी जागा असतो तर कदाचित वाचलो असतो.

गच्ची तशी माझ्या मालकीची नव्हे, सगळ्या इमारतीची. पण आम्ही सगळ्यात वर, चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गच्चीवर आमच्याशिवाय फारसं कुणी फिरकत नाही. मी घरी येऊन बेत जाहीर केला.

"माणसांना पाणी पुरत नाही, आणि तुम्ही तणाला घालणार?" बायको म्हणाली.

"तण नव्हे. स्थानिक वनस्पती."

"बरं. स्थानिक तणाला घालणार?"

हे बोलणं चालू असताना कोपऱ्यातल्या खुर्चीत माझे सासरे बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आयुष्यभर रस्ते खात्यात ओव्हरसियर, गावाबाहेरच्या सरकारी क्वार्टरांत संसार, सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झालेली. त्या वर्षी अर्धांगाचा एक हलका झटका आला, डावा पाय थोडा ओढायला लागला आणि ते आमच्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एक जिना चढा आणि उतरा. आमच्या दारापासून गच्चीपर्यंत बरोबर एक जिना होता.

माझं आणि अण्णांचं कधी भांडण झालं नाही, कारण आमचं कधी बोलणंच झालं नाही. ते मला "जावईबापू" म्हणत, मी त्यांना "आपण" म्हणे. जावयाच्या घरी आपण काही मागायचं नाही, असा त्यांचा पण होता आणि सासऱ्यांना काही कमी पडू द्यायचं नाही, असा माझा. एकदा त्यांना उकडत असेल म्हणून मी पंखा लावून दिला. संध्याकाळी येऊन बघतो तर ते स्वेटर घालून पंख्याखाली बसलेले. म्हणाले, "नाही नाही, बरं वाटतंय."

तर मी आधी रोपं विकणाऱ्या नर्सरीवाल्याकडे गेलो. "रानटी, देशी, आपोआप उगवणारं काही आहे का?" असं विचारलं. "साहेब, ते उपटायला मी दोन माणसं ठेवलीत," तो म्हणाला. मग दया येऊन त्याने त्या दोन माणसांनी सकाळपासून उपटलेलं सगळं एका पोत्यात भरून दिलं. मी ते पाच जिने वर चढवलं, एकेक रोप लावलं आणि दोन दिवसांत ते सगळं वाळून गेलं. बायकोने विचारलं, "यांना आपली माती मानवली नाही का?"

मग मी बियांकडे वळलो. कचेरीमागे एक मोकळा प्लॉट आहे. मधल्या सुट्टीत, इस्त्रीच्या पँटीत, मी तिथं ओणवा होऊन बिया वेचत असताना पहारेकऱ्याने मला पाहिलं.

"काही हरवलं का साहेब?"

"बिया," मी म्हणालो. आता हे उत्तर खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. तो भला माणूस माझ्याबरोबर अर्धा तास गवतात शोधत राहिला. पुढचा महिनाभर मी फाटकातून आत शिरलो की तो सगळ्यांसमोर विचारायचा, "सापडल्या का हो बिया?" शेवटी आमच्या साहेबांनी मला बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली.

एवढं होऊनही गच्चीवर चौदा कुंड्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीत मी पाटी रोवली. पाटीवर नाव, कुठून आणलं ती जागा, आणि तारीख. अक्षर माझं चांगलं आहे. झाडं यायच्या आधीच ती गच्ची एखाद्या नीट लावलेल्या कपाटासारखी दिसायला लागली आणि खरं सांगायचं तर माझं निम्मं समाधान तिथंच झालं.

हळूहळू काही काही उगवलं. एकाला दोन पानं, एकाला काटे, एकाला नुसताच वास. तेवढ्यात एका लग्नासाठी आम्हाला तीन दिवस बाहेर जावं लागलं. परत आलो तर समोरच्या वहिनी जिन्यातच भेटल्या.

"तुम्ही नव्हतात ना, म्हटलं हातासरशी साफ करून टाकावं. काय गवत माजलं होतं हो तुमच्या कुंड्यांत."

मी वर गेलो. चौदा कुंड्यांत माती छान भुसभुशीत केलेली होती. पाट्या वहिनींनी सरळही करून ठेवल्या होत्या. फाईल गायब आणि लेबल जागेवर, अशी कपाटं मी नोकरीत पाहिली आहेत, पण ती माझी नव्हती. मी खाली येऊन वहिनींचे आभार मानले. दुसरं काय करणार.

मी पुन्हा पेरलं. त्याच सुमारास एका संध्याकाळी अण्णा नेहमीप्रमाणे कठडा धरत गच्चीवर आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, एखादी कुंडी रिकामी असेल तर... नसली तरी चालेल."

त्यांनी माझ्याकडे काही मागायची ही पहिली वेळ. ती पहिली होती हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं असतं तर मी त्यांना सगळ्यात चांगली कुंडी दिली असती. मी दिली ती काठ उडालेली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि खाली बसून, बराच वेळ घेऊन, स्वतःच्या हाताने काहीतरी मातीत ठेवलं. मी तेव्हा माझ्या एका रोपावरची माव्याची कीड बघण्यात गुंग होतो.

"पाटीवर काय लिहू?" मी विचारलं.

"पाटी राहू द्या. एकच तर आहे."

त्या कुंडीत काही उगवलं नाही. अण्णा मात्र रोज संध्याकाळी वर येऊन तिला एक तांब्या पाणी घालत. माझ्या मनात यायचं की म्हातारा चिखलाला पाणी घालतोय. मी तसं कधी बोललो नाही, तेवढा सुसंस्कृत मी आहे. कचेरीत मात्र डबा खाताना ही गोष्ट मी दोनतीनदा सांगितली आणि ती सांगताना पहारेकऱ्याचा किस्सा मागे पडल्याचा मला आनंदही झाला. आज ते आठवलं की लाज वाटते.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या भिंतीला ओल आली. त्यांचं घर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आणि गच्चीपासून तीन मजले खाली. पण इमारतीत झाडं लावणारा मी एकटाच होतो. "पाणी कुठूनही कुठे जाऊ शकतं," असं सेक्रेटरी म्हणाले आणि गच्चीवर कुंड्या ठेवायच्या तर वॉर्ड ऑफिसची परवानगी आणा, असं त्यांनी लेखी दिलं.

अर्जात ओल्या मातीसकट प्रत्येक कुंडीचं वजन लिहायचं होतं. आमच्याकडे माणसांचं वजन करायचा काटा होता, त्यामुळे मी एकेक कुंडी पोटाशी धरून काट्यावर उभा राहायचो आणि एकूण आकड्यातून मला वजा करायचं, अशी पद्धत ठरली. अण्णा वही घेऊन स्टुलावर बसले. ओव्हरसियरचं अक्षर, आखल्यासारखं सरळ. सातव्या कुंडीला ते हळूच म्हणाले, "वजाबाकी एकदा बघता का? या हिशेबाने तुमचंच वजन सहा किलोने उतरलंय." मी हसलो, तेही हसले. मग त्यांनी रस्त्याच्या मोजणीच्या गमती सांगितल्या, मी दफ्तरखान्यातल्या सांगितल्या, आणि आम्ही दोघं इतकं बोललो की बायको दोनदा वर येऊन बघून गेली. असा दिवस त्याच्या आधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

शेवटी त्यांची कुंडी उरली. मी ती उचलायला वाकलो तर ते म्हणाले, "जरा सावकाश." रिकाम्या कुंडीला कुणी सावकाश म्हणत नाही. एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वॉर्ड ऑफिसच्या अर्जात तीन रकाने होते, शोभेची झाडं, फळझाडं आणि भाजीपाला. मी "रानटी" असा चौथा रकाना आखून भरला. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "रानटी म्हणजे तणच ना? मग खिडकी नंबर सहा." सहा नंबरच्या खिडकीत फार अदबीने अर्ज घेतला, तीन प्रतींवर शिक्का मारला आणि पोच दिली. इतक्या लवकर सरकारी काम झालं म्हणून मी येताना बायकोसाठी गजरा घेऊन आलो. सहा नंबरची खिडकी तण निर्मूलनाची होती. पंधरा दिवसांनी नोटीस आली. 'आपल्या तक्रारीवरून आपल्या गच्चीवर तण माजल्याचे निदर्शनास आले असून, निरीक्षक पाहणीस येतील.' मी स्वतःविरुद्ध, स्वतःच्या चांगल्या अक्षरात, तीन प्रतींत तक्रार केली होती.

सेक्रेटरींना आता माझी दया आली. "असं करा," ते म्हणाले, "निरीक्षकाला झाड झाडासारखं दिसलं पाहिजे. लाल, पिवळं काहीतरी लावा. आणि रिकामी कुंडी एकही ठेवू नका. डास होतात, नियमातच आहे."

पाहणीच्या दिवशी बायको अण्णांना घेऊन दवाखान्यात गेली होती. मी सकाळीच नर्सरीत जाऊन लाल फुलांची सहा रोपं आणली. नर्सरीवाला काही बोलला नाही, पण त्याने ती नुसती बांधून न देता कागदात गुंडाळून दिली. गच्चीवर सहा कुंड्या रिकाम्या दिसत होत्या. त्यांतल्या पाच कुंड्यांना पाट्या होत्या, त्यामुळे त्यांना हात लावताना मी विचार केला. न जाणो, बी आत असेल. त्यांची माती मी तशीच ठेवली आणि वरच्यावर रोप खोचलं. सहावीला पाटीच नव्हती. ती मी सरळ पोत्यात उपडी केली, पोतं खाली नेलं आणि इमारतीच्या मागे, मीटरच्या खोलीशेजारी विटामातीचा जुना ढीग आहे, त्यावर रिकामं केलं. मग वर येऊन तिच्यात नवी माती भरली आणि सहा रोपांतलं सगळ्यात मोठं, सगळ्यात लाल रोप मुद्दाम तिच्यात लावलं. अण्णांना बरं वाटेल असं मनात होतं.

निरीक्षक दुपारी आले. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चौथा? लिफ्ट नाही?" मग स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून 'तण आढळले नाही' असं लिहून सही केली आणि ते निघून गेले.

संध्याकाळी अण्णा वर आले. हातात तांब्या होता. ते कुंडीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"छान दिसतंय," ते म्हणाले.

"आपल्याला आवडलं ना? तिच्यात काही येत नव्हतं, म्हणून म्हटलं..."

"नाही नाही, बरं केलंत. रिकामीच होती ती." त्यांनी तांब्यातलं पाणी त्या लाल रोपाला घातलं. मग जाता जाता विचारलं, "माती कुठे टाकलीत?"

"खाली, मागच्या ढिगाऱ्यावर."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा वर जायचे थांबले. काठी घेऊन ते चार जिने खाली उतरायचे आणि अर्ध्या-पाऊण तासाने धापा टाकत परत यायचे. मी बायकोला म्हणालो, "डॉक्टरांनी चढायला सांगितलंय, भटकायला नाही." तिने त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "उतरलं की चढावंच लागतं की." पाचव्या दिवशी तेही थांबलं. पंधरवड्याने माझा मेहुणा त्यांना न्यायला आला. अण्णांनीच त्याला फोन केला होता, त्याचं घर तळमजल्यावर आहे, जिना नको वाटतो आता, म्हणून. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आमचा फार त्रास झाला तुम्हाला." मी म्हणालो, "छे छे, त्रास कसला." आम्ही पुन्हा स्वेटर आणि पंख्याच्या जागी येऊन पोचलो होतो. आणि खोटं कशाला बोलू, ते गेल्यावर मला थोडं मोकळं वाटलं.

लाल फुलं महिन्याभरात मेली. सेक्रेटरींची ओल त्यांच्याच न्हाणीघराच्या नळातून निघाली. माझी सात-आठ रानटी रोपं जगली, म्हणजे मी त्यांच्याकडे बघायचं सोडल्यावर जगली. असं वर्ष गेलं.

एका सकाळी बायको कचरा टाकायला खाली गेली होती. तिने खालून हाक मारली. ती कधी हाका मारत नाही, म्हणून मी तसाच अनवाणी उतरलो. ढिगाऱ्यावर, विटांच्या तुकड्यांतून, एक हिरवा दांडा वर आला होता आणि त्याच्यावर पांढरी स्वच्छ फुलं होती. मी मोजली, सात होती.

"ही आमच्या क्वार्टरच्या दारातली," ती म्हणाली. "इथे कशी आली?"

ती सांगत गेली. अण्णांना रस्त्याच्या मोजणीत कुठेतरी हा रानकांदा सापडला होता आणि त्यांनी तो आईला आणून दिला. वर्षातून चार दिवस फुलं, बाकी वर्षभर मातीवर काहीही दिसायचं नाही. कुणाचा पाय पडू नये म्हणून आई भोवती दगड लावायची. बदली झाली की अण्णा तो कांदा उकरून कागदात बांधायचे आणि नव्या दारात लावायचे. "आई गेली तेव्हा तो हरवला असं मला वाटलं. अण्णा कधी बोललेच नाहीत."

मी तिला कुंडीची गोष्ट सांगितली. तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या पाहण्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मी वर धावलो. ती काठ उडालेली कुंडी आणि स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन खाली आलो. भोवतालच्या मातीसकट तो कांदा अलगद काढला, कुंडीत बसवला आणि आयुष्यात कुठली वस्तू जपली नसेल इतकी जपत ती कुंडी पाच जिने चढून गच्चीवर आणली. सगळ्यात चांगली पाटी घेऊन तिच्यावर 'अण्णांची' असं लिहिलं. मग तशाच मातीच्या हातांनी फोन लावला.

"अण्णा, फुलं आली."

"ढिगाऱ्यावर का?" त्यांनी विचारलं.

"आपल्याला माहीत होतं?"

"शोधला होता मी. चौथ्या दिवशी काठीला लागला. पण वाकता येईना. मग काठीनेच थोडा खाली ढकलला आणि वर माती लोटली. म्हटलं, राहिला तर राहिला."

"मला सांगायचंत ना अण्णा. मी काढून दिला असता."

"तुमची तपासणी होती. त्यात हे कुठे. आणि तुम्ही हौसेने फुलझाड लावलं होतंत त्यात."

माझं चुकलं, असं मी म्हणालो.

"अहो, काहीतरीच काय. उलट तिथं ऊन चांगलं मिळालं त्याला." त्यांचा आवाज एवढा मोकळा मी वजाबाकीच्या दिवसानंतर ऐकला नव्हता. "फक्त एक करा. हात लावू नका त्याला. ऐन फुलात हलवला की रुसतो. एकदा अशीच फुलात बदली आली होती, तर तीन वर्षं तोंड दाखवलं नाही. तुमच्या सासूबाई रोज पाणी घालायच्या. हात नाही ना लावलात?"

बायको समोर उभी होती. तिला फोनमधलं ऐकू येत होतं. तिने कुंडीकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "तसाच आहे."

"मग झालं. पुढच्या वर्षी या दिवसांत येईन. तुमचे जिने नकोत आता, खालच्या खालीच बघून जाईन."

दोन दिवसांत फुलं गळली, आठवड्यात दांडा वाळला. पुन्हा हलवला तर मरेलच, म्हणून बायकोने कुंडीला हात लावू दिला नाही. अण्णांना आता चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. दर आठवड्याला फोनवर ते बाकी सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर हळूच विचारतात, "ढीग कुणी हलवला नाही ना?" मी म्हणतो, "नाही अण्णा, माझं लक्ष आहे."

लक्ष खरंच आहे. गेल्या महिन्यात सोसायटीने तो ढीग उचलायचं ठरवलं, तेव्हा मी लेखी हरकत घेतली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'वैयक्तिक' असं लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "आधी गच्चीवर तण, आता खाली ढिगारा, आणि वर ती एक रिकामी कुंडी. तुम्हाला हवंय तरी काय?" कचेरीतून आलो की रोज तांब्या भरून आधी वर जातो, तिथं काही दिसत नाही. मग खाली जातो, तिथं काही नाहीच. दोन्हीकडे पाणी घालतो.